पावसात टीव्ही जातो, मग फोन कसा लागतो?

मे महिन्यातली संध्याकाळ. दिवसभर घामाच्या धारा, चारनंतर पूर्वेकडून काळंकुट्ट आभाळ चढतं आणि साताऱ्यात सगळ्यांना कळतं की आज वळीव येणार. अंगणात अजून एक थेंब पडलेला नसतो, तोवर टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूबाई वाक्य अर्धवट टाकून चौकोन-चौकोन होतात. मग काळा पडदा, त्यावर 'नो सिग्नल'. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू लगेच मोबाईल उचलतात आणि डिशवाल्याला झापतात. तो नेहमीचंच उत्तर देतो, "काकू, पाऊस आहे, दहा मिनिटांत येईल." आणि खरंच येतो.

यंदा काकूंनी मला जिन्यात गाठलं. "अहो, पावसानं सिग्नल जातो म्हणता ना? मग त्याच पावसात माझा फोन त्याला कसा लागला?"

प्रश्न बिनतोड आहे. टीव्हीचा सिग्नल आणि फोनचा सिग्नल, दोन्ही रेडिओ लहरीच. दोन्ही हवेतून येतात, दोन्हींवर तोच पाऊस पडतो. एक बुडते आणि दुसरी कोरडी राहते, हे कसं? उपग्रहावरून थेट घरात इंटरनेट येण्याच्या बातम्या सध्या सारख्या येताहेत, त्यामुळे हा प्रश्न आता मालिकेपुरता राहिलेला नाही.

खडीचा रस्ता आणि दोन चाकं

नुकतीच खडी टाकलेला रस्ता डोळ्यांसमोर आणा. त्यावरून ट्रॅक्टर जातो. मागचं चाक माणसाच्या छातीएवढं, त्याला खडीचं काहीच वाटत नाही. त्याच रस्त्यावर पोरानं तीनचाकी सायकल आणली की तिचं वीतभर चाक प्रत्येक खड्याला अडखळतं आणि चार हातांत सायकल थांबते. खडी तीच, चाकाचा आकार वेगळा.

रेडिओ लहरींचंही असंच आहे. लहर एका सेकंदात किती वेळा वरखाली होते, त्याला फ्रिक्वेन्सी म्हणतात. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी वेळा. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितकी लहर आखूड, म्हणजे चाक लहान. आकाशवाणीच्या एफएमची लहर सुमारे ३ मीटर लांब असते. मोबाईलच्या लहरी साधारण हातभरापासून वीतभरापर्यंत, आणि सध्या आपल्याकडे चालणाऱ्या ५जीतली आखूड लहर चार-पाच बोटांची. घरच्या डिशवर येणारी लहर मात्र सुमारे १२ गिगाहर्ट्झची, म्हणजे लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर.

आता खडीचा आकार. पावसाचा मोठा थेंब ५ मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याहून फार मोठा झाला तर पडता पडता फुटतो. सोळा-सतरा सेंटिमीटरच्या मोबाईल लहरीपुढे हा थेंब तिसाव्या हिश्शाहूनही लहान. डिशच्या लहरीपुढे मात्र तो पाचव्या हिश्शाएवढा. एक लहर ट्रॅक्टरवर बसलीय, दुसरी तीनचाकीवर.

थेंब लहरीचं दोन प्रकारे नुकसान करतो. थोडी ऊर्जा तो स्वतः पिऊन टाकतो, कारण पाण्याच्या रेणूला विजेची दोन टोकं असतात, लहर त्यांना हलवते आणि त्या हलण्यात तिची शक्ती उष्णता होऊन जाते. आणि थोडी ऊर्जा तो भलत्याच दिशांना उधळून देतो. या दोन्ही नुकसानांना मिळून पुस्तकात 'क्षीणन' म्हणतात. आपण गळती म्हणू.

गळती मोजायची कशी? आणेवाडीच्या टोलवर

ही गळती डेसिबलमध्ये मोजतात, आणि डेसिबल म्हटलं की लोक गणपतीतल्या डीजेकडे बघायला लागतात. इथे तो फक्त हिश्शाचा हिशेब आहे. पुण्याहून कोल्हापूरला जाताना खेड-शिवापूर, आणेवाडी, तासवडे आणि किणी असे चार टोलनाके लागतात. समजा, तिथे ठरावीक पैसे न घेता दर नाक्यावर खिशात असेल त्याच्या निम्मे काढून घेतले. १६०० रुपये घेऊन निघालात तर पहिल्या नाक्यानंतर ८००, मग ४००, मग २००, आणि किणी ओलांडताना हातात १००. सिग्नल निम्मा होणं म्हणजे ३ डेसिबल, म्हणजे आपला एक टोल. चार टोल म्हणजे १२ डेसिबल आणि उरला सोळावा हिस्सा.

आता खरे आकडे लावू. तासाला १०० मिलिमीटर या वेगानं पाऊस कोसळत असेल तर १२ गिगाहर्ट्झच्या लहरीला दर किलोमीटरला सुमारे साडेपाच डेसिबलचा फटका बसतो. किलोमीटरला जवळजवळ दोन टोल. त्याच पावसात २ गिगाहर्ट्झच्या मोबाईल लहरीची गळती किलोमीटरला एका डेसिबलच्या शंभराव्या भागाएवढी. टॉवर पाच किलोमीटरवर असला तरी वाटेत शेकडा एक-दीडच जाणार. काकूंचा फोन लागला तो याच्यामुळे.

छत्तीस हजार किलोमीटर सुखरूप, शेवटच्या पाचांत घात

टीव्हीचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. एवढ्या वाटेवर पाऊस कुठे भेटतो? आपल्याकडे साधारण ५ किलोमीटरच्या वर गेलं की तापमान शून्याखाली जातं आणि तिथे पाणी बहुतेक बर्फाच्या रूपात असतं. बर्फ या लहरींना फारसं पीत नाही. म्हणजे सगळा घात शेवटच्या पाच-सहा किलोमीटरांत. मुंबईहून गाडी पळवत आणावी आणि खंबाटकी घाटात अडकून बसावं, तसं.

साताऱ्यातून आपल्या डिश आग्नेयेकडे, म्हणजे ढोबळमानानं रहिमतपूरच्या बाजूला, साधारण साठ अंश वर बघतात. हा तिरका रस्ता ढगाच्या पावसातून बाहेर पडेपर्यंत जमिनीवरचं सुमारे तीन किलोमीटर अंतर कापतो. वळीव बहुतेकदा पूर्वेकडूनच चाल करून येतो. म्हणून तुमच्या अंगणात कोरडी ठणठणीत हवा, पण डिश ज्या फटीतून उपग्रह बघते तिथे तो आधीच पोचलेला असतो. या तिरक्या वाटेतल्या तीनच किलोमीटरांत जोराचा पाऊस असला तरी सिग्नल चाळीसाव्या हिश्शावर येऊ शकतो. घरच्या छोट्या डिशकडे शिल्लक असते ती फार तर दोन-तीन टोलांची. खिसा रिकामा.

त्यात आणखी एक गोष्ट भर घालते. पाऊस सिग्नल तर खातोच, वर स्वतः कुजबुजतोही. कोणतीही कोमट वस्तू थोडी थोडी रेडिओ ऊर्जा बाहेर टाकत असते. एरवी डिशसमोर थंडगार आकाश असतं, म्हणजे शांत खोली. पाऊस आला की समोर कोमट पाण्याची भिंत उभी राहते आणि गलका वाढतो. बोलणाऱ्याचा आवाज बसला आणि खोलीत गोंगाटही झाला, तर ऐकू काय येणार?

"पण चित्र असं एकदम का जातं? पूर्वी तर मुंग्या यायच्या, तरी दिसायचं." बरोबर. छतावर काठीला ॲल्युमिनियमचा अँटेना बांधून अजिंक्यताऱ्यावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे वळवायचो, तेव्हाचा सिग्नल जसजसा क्षीण व्हायचा तसतसं चित्र खराब होत जायचं. आताचं चित्र आकड्यांच्या रूपात येतं. थोडे आकडे गळाले तर बॉक्स हिशेब करून ते भरून काढतो आणि आपल्याला काही कळतच नाही. पण गळालेले आकडे एका मर्यादेपलीकडे गेले की हिशेबच कोसळतो. कड्याच्या टोकापर्यंत सपाट रस्ता आणि पुढे दरी.

महाबळेश्वरकरांचा आक्षेप

"आमच्याकडे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. मग आमचा टीव्ही जूनला बंद होऊन दिवाळीलाच लागायला हवा!" तसं होत नाही, आणि मला या सगळ्या विषयात सगळ्यात मजेदार वाटतं ते हेच. सिग्नलला पाऊस किती झाला याच्याशी देणंघेणं नाही. या क्षणी किती जोरात पडतोय, एवढंच त्याला कळतं.

महाबळेश्वरात २०२१ च्या जुलैत चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला डोंगर खाली आले. इतका भयंकर पाऊस, पण चोवीस तासांवर पसरला तर सरासरी तासाला २५ मिलिमीटर. त्या सरासरीला डिशच्या लहरीची गळती किलोमीटरला एक डेसिबलच्या आसपास. अर्थात मधल्या जोराच्या सरींना चित्र जाणारच, पण संततधारेत ते बरंच टिकून राहतं. उलट दुष्काळी माण-खटावात मे महिन्यात वळीव तासाला १०० च्या वेगानं दहाच मिनिटं पडला तर पर्जन्यमापकात जेमतेम १७ मिलिमीटर भरतो. तलाठी तो आकडा लिहून पुढे जाईल. टीव्ही मात्र गेलेला असतो.

थेंबही वेगळे असतात. घाटमाथ्यावर मोसमी वारे डोंगर चढताना फार उंच न जाणाऱ्या ढगांतून जो पाऊस पडतो, त्यात बारीक थेंबांचा भरणा असतो. वळवाचे ढग दहा-बारा किलोमीटर उंच वाढतात आणि टपोरे थेंब टाकतात. चार मिलिमीटरच्या एका थेंबात एक मिलिमीटरच्या चौसष्ट थेंबांचं पाणी मावतं आणि तेवढंच पाणी मोठ्या थेंबांच्या रूपात आलं तर डिशच्या लहरीला जास्त छळतं. हे थेंब मोजायचं यंत्रही आपल्याच जिल्ह्यात आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा महाबळेश्वरात आहे. तिथे थेंब यंत्रावर आदळला की त्याच्या टोल्यावरून त्याचा आकार नोंदला जातो.

आणि थेंब कॅलेंडरवरच्या चित्रासारखा वर निमुळता नसतो. लहान थेंब गोटीसारखा गोल, आणि मोठा थेंब खालून हवेचा दाब बसल्यानं चपटा, वरून फुगीर. अगदी वड्याच्या पावासारखा. तो आडवा पसरट असल्यानं आडवी हेलकावणारी लहर उभ्या लहरीपेक्षा जास्त मार खाते. उपग्रहावरून दोन्ही प्रकारच्या लहरी येतात, वेगवेगळी चॅनेल वेगवेगळ्या लहरींवर असतात. म्हणून पावसात आधी काही चॅनेल जातात आणि काही तग धरतात. "बातम्या दिसतात, मालिकाच कशी जाते?" यात कोणाचा कट नाही, पावाचा आकार आहे.

धुक्याची गोष्ट याच्या उलट. ऑगस्टात कासच्या रस्त्यावर समोरची गाडी दिसत नाही, पण फोन चालू असतो. धुक्याचे कण मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढे. प्रकाशाची लहर त्यांच्याहूनही लहान, म्हणून ती अडखळते. रेडिओ लहरीला ती खडी नाही, धूळ आहे.

"अहो, पण पावसात मोबाईलही जातो की!"

जातो. पण दोष बहुतेकदा फोन आणि टॉवर यांच्यामधल्या पावसाचा नसतो. गोम टॉवरच्या मागे असते.

टॉवरपर्यंत तुमचं बोलणं पोचलं की ते पुढे न्यावं लागतं. शहरात हे काम जमिनीखालची फायबर करते. डोंगराळ भागात बऱ्याच ठिकाणी एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर रेडिओनं उडी मारली जाते. टॉवरवर ढोलासारखी पांढरी गोल भांडी दिसतात ना, ती यासाठीच. ती बहुधा १५, १८, २१ गिगाहर्ट्झ अशा फ्रिक्वेन्सीवर बोलतात. म्हणजे डिशपेक्षाही लहान चाक. तासाला १०० मिलिमीटरच्या पावसात १८ गिगाहर्ट्झची गळती किलोमीटरला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दर किलोमीटरला दहावा हिस्सा शिल्लक. ही यंत्रं मात्र हुशार असतात. वाट खराब झाली की ती सावकाश आणि ठासून बोलायला लागतात. वेग कमी होतो, पण संपर्क तुटत नाही. तुमच्या फोनवर काड्या पूर्ण भरलेल्या दिसतात आणि नेट मात्र हलत नाही, त्याचं एक कारण हे. काड्या फोन ते टॉवर एवढंच सांगतात, टॉवरच्या पुढचं त्यांना माहीत नसतं.

दुसरं कारण साधं आणि जास्त घातक: वीज. झाड तारेवर पडतं, टॉवर बॅटरीवर जातो, बॅटरी काही तासांत संपते, जनरेटरला डिझेल लागतं आणि डिझेल नेणारा रस्ता दरडीखाली गेलेला असतो. रस्ता खचला की त्याच्या कडेनं गेलेली फायबरही तुटते. जावळी-पाटणच्या खोऱ्यांतल्या गावांची रेंज दोन-दोन दिवस जाते ती यामुळे. लहरी पावसात विरघळल्या म्हणून नव्हे.

डिशवर छत्री, डिशला पिशवी

डिशच्या पुढच्या दांड्यावर सिग्नल झेलणारा जो छोटा डबा, म्हणजे एलएनबी, असतो त्याला लोक प्लास्टिकची पिशवी बांधतात. एकानं तर बाटली कापून टोपी घातलेली मी पाहिली. तोंडावर पाण्याचा थर साचू न देणं एवढा त्याचा थोडासा फायदा. फडकं मात्र बांधू नका. ओलं फडकं म्हणजे थेंबांची गोधडीच. आकाशात तीन किलोमीटर पाऊस उभा असताना पिशवी त्याला काय करणार?

मोठी डिश मात्र उपयोगी पडते. ६० सेंटिमीटरऐवजी ९० ची बसवली तर सिग्नल सव्वादोन पट गोळा होतो, म्हणजे एका टोलाहून थोडं अधिक. मध्यम सरीत चित्र वाचेल, वळवात नाही, आणि वारा तिला जास्त झोंबेल. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे पावसाळ्याआधी डिशची दिशा नीट लावून घेणं. कोरड्या दिवसात जरा वाकडी डिशही झकास चित्र देते, म्हणून ती वाकडी आहे हे कळत नाही. पण शिल्लक आधीच खर्च झालेली असते, आणि मग भुरभुरीतही टीव्ही जातो.

ओळखायचं कसं? पाऊस ओसरल्यावर काही मिनिटांत चित्र आपोआप आलं तर ती पावसाची गळती, कोणाला फोन करायची गरज नाही. आकाश मोकळं होऊन तासभर झाला तरी येत नसेल तर केबलच्या जोडात पाणी शिरलंय किंवा वाऱ्यानं डिश हलली आहे. आणि साताऱ्यात लख्ख ऊन असताना काही चॅनेल गेली, तर ज्या शहरातून ती उपग्रहाकडे वर पाठवली जातात तिथे पाऊस पडत असू शकतो.

उपग्रहाच्या इंटरनेटचं काय होणार?

नवे इंटरनेटचे उपग्रह ३६,००० नव्हे, साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात. इतके जवळ, मग पाऊस काय करणार, असं वाटतं. पण पावसाचा घाट तोच पाच किलोमीटरचा आणि घरच्या ताटलीची फ्रिक्वेन्सीही टीव्हीच्या डिशच्याच पट्ट्यातली. वळवात तेही अडखळणार. टीव्हीसारखं एकदम न जाता आधी वेग कमी होईल, एवढा फरक. शिवाय हे उपग्रह आकाशात सरकत असतात. एखादा क्षितिजाकडे झुकलेला असला तर त्याची वाट पावसातून जास्त लांब तिरकी जाते.

रस्ते आणि फायबर वाहून गेलेल्या खोऱ्यात मात्र पावसाची जोराची दहा मिनिटं सोडून उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटं हाच एक धागा असू शकतो, वीज असेल तर.

५जीच्या २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा लिलाव आपल्याकडे २०२२ मध्ये झाला. त्याची गळती जोराच्या पावसात किलोमीटरला सोळा डेसिबलच्या घरात जाते. पण त्याचा पल्लाच काहीशे मीटरांचा. दोनशे मीटरांत एक टोल, तेवढा सोसतो.

गळतीचा पर्जन्यमापक

आता जरा उलट विचार करू. पाऊस किती जोरात पडला की किती गळती होते, हे माहीत आहे. मग गळती मोजून पाऊस का ओळखू नये? इस्रायलमधल्या तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये मोबाईल टॉवरांमधल्या उड्यांवरून पाऊस मोजून दाखवला. २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये अशा सुमारे २४०० उड्यांवरून अख्ख्या देशाचा पाऊस-नकाशा काढला गेला.

सातारा-सांगलीला याचं मोल वेगळं सांगायला नको. जुलै-ऑगस्टात सांगलीतली माणसं सकाळी पेपर उघडून आधी कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणांचे आकडे बघतात, मग कोयना धरणातला साठा, मग आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी. २०१९ च्या महापुरानंतर तर हे आकडे पोरांनाही पाठ झालेत. मांढरदेवच्या डोंगरावर हवामानशास्त्र संस्थेनं रडार बसवलं आहे, त्याची लहर ३ सेंटिमीटरची; पाऊस त्याला दिसतो तो थेंबांनी उधळून परत पाठवलेल्या लहरींमुळे, आणि फार जोराचा पाऊस मध्ये आला की पलीकडचं दिसेनासं होतं ते त्याच थेंबांनी लहरी पिऊन टाकल्यामुळे.

ते तीन आकडे तीन ठिकाणांचे. मधल्या खोऱ्यांत जिथे जिथे टॉवरवर ते पांढरे ढोल समोरासमोर उभे आहेत, तिथे सिग्नल किती गळाला याची नोंद यंत्रं साधारण दर पंधरा मिनिटांनी करत असतात. ती नोंद ठेवली जाते ती यंत्र बिघडलं तर दुरुस्ती करता यावी म्हणून.